उजव्या कुडीतला खडा

आजी कुड्या घालायची त्या फक्त सणासुदीला. मधोमध लाल खडा, भोवती सहा मोती, मागे मळसूत्राची फिरकी. आरशासमोर उभी राहून आधी डाव्या कानात, मग उजव्या कानात, आणि दर वेळी तेच वाक्य: "उजवा जास्त लाल आहे बघ." आम्ही दोघी बहिणी पाटावर बसून तिच्या दोन्ही कानांकडे आळीपाळीने बघायचो. मला कधी फरक दिसला नाही. ताईला दिसायचा.

हे माणिक थिबा राजाचे, असं आमच्या घरात सांगत. पणजोबांचं रत्नागिरीत दुकान होतं. राजाच्या माणसांकडे उधारी थकली आणि पैशांच्या बदल्यात दोन लाल खडे आले, एवढीच ती गोष्ट. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला ती अशक्य वाटत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेत पकडलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. डोंगराच्या कडेचा तो लाल राजवाडा १९१० सालचा. त्याआधीची सगळी वर्षं राजाने बंगल्यांत काढली आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची समाधीही गावातच आहे. सरकारी तनखा पुरत नसे. मंडालेहून आणलेले दागिने एकेक करून विकले गेले, गहाण पडले, आणि घेणाऱ्यांनी भाव पाडूनच घेतले.

हा राजा साधा राजा नव्हता. जगातले सर्वांत नावाजलेले माणिक ज्या मोगोकच्या खोऱ्यात निघतात, ते त्याच्या राज्यात होतं. तिथे ठरावीक किमतीच्या वरचा प्रत्येक माणिक सापडल्या क्षणी राजाचा होई. 'न्गा मौक' नावाचा सर्वांत मोठा माणिक पकडलं जाताना आपण इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनच्या ताब्यात दिला, असं थिबा सांगत असे. तो परत आला नाही. राजा रत्नागिरीत बसून त्याच्यासाठी पत्रं पाठवत राहिला. लहानपणी आम्ही शाळेची सहल म्हणून त्या राजवाड्यात जायचो, तेव्हा रंगीत काचांमधून फरशीवर पडलेला उजेड मला माणकांचाच वाटायचा.

आजी गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे दोघी नातींना एकेक कुडी आली. एका कुडीचं करायचं काय? आम्ही ठरवलं की खडे काढून दोन अंगठ्या करायच्या. आमचे सोनारकाका सत्तरी ओलांडलेले. त्यांनी कुड्या हातावर घेतल्या, उलट्या केल्या आणि म्हणाले, "मोडायच्या आधी तपासून घे, बाळ. हे दोन कारागिरांचं काम आहे."

तेव्हा पहिल्यांदा मी त्या कुड्यांची मागची बाजू नीट पाहिली. दोन्ही बंद कोंदणातल्या, मागून सोन्याने झाकलेल्या. पण एकीची कड पातळ, सारखी दाबलेली, आणि दुसरीची जाड, एका ठिकाणी जरा उठलेली. काकांनी पोलादी टोच्याने कड उघडली. दोन्ही खड्यांखाली बेगड होती, उजेड परत फेकून रंग खुलवण्यासाठी घालत ती. डाव्या कुडीतली काळी पडून भुगा झालेली. उजवीतली अजून चमकत होती, तांबूस रंगाची. ती पाहून काका काही बोलले नाहीत. खडे त्यांनी वेगवेगळ्या कागदी पुड्यांत घातले आणि पुड्यांवर 'डा' आणि 'उ' अशी अक्षरं लिहिली.

बंद कोंदणात खडा ओळखता येत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकले. रंग बेगडीचा असू शकतो. आतलं काही दिसत नाही, वजन कळत नाही. माणिक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते: सुटा बघा, किंवा मागून उघडा असलेला बघा.

मुंबईतल्या प्रयोगशाळेत एक तरुण मुलगी होती. मी एवढ्या लांबून आलेय म्हणून, नाहीतर मी फार प्रश्न विचारले म्हणून असेल, तिने मला शेजारी बसवून घेतलं. आधी वजन झालं. 'डा' ०.८१ कॅरेट, 'उ' ०.८६. एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. जुन्या मापात एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे डावा खडा सव्वा गुंजेच्या जरा वर भरला. पणजोबांच्या दुकानात त्याच्या समोरच्या पारड्यात गुंजाच पडल्या असतील, त्याही लालच.

मग तिने खडा एका छोट्या उपकरणावर पालथा ठेवला. उजेड खड्यात शिरताना किती वळतो ते त्यात मोजतात. आकडा आला १.७६२ ते १.७७०. दोन आकडे, कारण माणिक उजेडाचे दोन किरण करतो. लाल स्पिनेल, म्हणजे माणकासारखंच दिसणारं दुसरं खनिज असतं, तर १.७१८ च्या आसपास एकच आकडा आला असता. आपल्याकडे ज्याला लालडी म्हणत, ते बहुधा हेच स्पिनेल. शतकानुशतकं जगाने त्याला माणिकच मानलं. इंग्लंडच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला बसवलेला 'ब्लॅक प्रिन्स रुबी' स्पिनेल आहे. मोगल बादशहांची नावं कोरलेला, साडेतीनशे कॅरेटचा 'तैमूर रुबी' हाही स्पिनेलच. ही रत्नं अफगाणिस्तान-ताजिकिस्तानच्या सीमेवरच्या बदख्शानच्या डोंगरातली, आणि त्यांचं फारसी नाव 'लाल'. दोन्ही खनिजं वेगळी आहेत हे १७८३ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रोमे द लिल याने दाखवून दिलं. मला यात स्पिनेलचा अपमान कुठे दिसत नाही. लाल स्पिनेल स्वतःच्या नावावर विकला जावा इतका सुंदर आहे, आणि चांगला मिळणं माणकासारखंच अवघड आहे.

आमच्या दोन्ही खड्यांचे आकडे एकच आले. ताईला मी तिथूनच फोन केला, "दोन्ही माणिक आहेत गं." ती मुलगी हात करून मला थांबवत होती, ते मी पाहिलं नाही.

मग तिने डावा खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूने दिवा सोडला. आधी मला नुसतं लाल पाणी दिसलं. डोळा बसल्यावर त्या पाण्यात धुकं दिसू लागलं, आणि धुकं म्हणजे सुया निघाल्या. केसाहून कितीतरी बारीक, आखूड सुया, तीन दिशांनी एकमेकींना ठरावीक कोनात छेदणाऱ्या, जणू कुणी मागावर ताणून धरलेलं रेशीम. या सुयांना 'सिल्क'च म्हणतात, असं ती म्हणाली. त्या रुटाइल नावाच्या खनिजाच्या असतात. माणिक भट्टीत फार तापवला की त्या विरघळतात, तुटतात. इथे त्या अखंड होत्या, म्हणजे खडा तापवलेला नव्हता. कडेला एक गोलसर, पाणचट स्फटिक अडकला होता, कॅल्साइटचा, म्हणजे संगमरवर ज्याचा बनतो त्या खनिजाचा. "हा माणिक संगमरवरात जन्मलाय," ती म्हणाली. संगमरवरात लोह कमी असतं. माणकाला लाल रंग आणि उन्हातली चमक क्रोमियम देतं आणि लोह ती चमक दडपतं. म्हणून मोगोकच्या माणकात उन्हात निखारा पेटल्यासारखा दिसतो आणि लोह जास्त असलेला थायलंडचा माणिक त्याच्यासमोर गडद, गप्प वाटतो.

उजवा खडा तिने एका द्रवात बुडवून दाखवला. आत काहीच नव्हतं. इतका स्वच्छ खडा मी पाहिला नव्हता. तिने दिव्याचा कोन थोडा बदलला, आणि लाल पाण्यात रेषा उमटल्या, अगदी फिकट, एकापाठोपाठ एक, आणि सगळ्या वाकलेल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. एका कोपऱ्यात दोन गोल बुडबुडे. जमिनीखाली वाढणाऱ्या स्फटिकाच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात. वाकड्या रेषा फक्त भट्टीत येतात.

ऑग्युस्त वेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये पॅरिसमध्ये आपली पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची, म्हणजे माणिक ज्याचा बनतो त्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, त्यात थोडं क्रोमियम, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली झिरपवायची. वितळलेले थेंब खालच्या दांडीवर थरावर थर साचत जातात आणि काही तासांत लाल बोंड तयार होतं. त्या थरांच्याच वाकड्या रेषा. ही काच नव्हे. रचना तीच, काठिण्य दहापैकी नऊच, घनता तीच, उजेड वळवण्याचा आकडाही तोच. म्हणून उपकरण फसलं नाही, मी फसले. आजोबांच्या एचएमटीच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, ते सतरा खडे याच कुळातले, चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले. १९६० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मेमनने पहिला लेसर पेटवला तोही भट्टीतल्या माणकाच्याच दांडीतून. या खड्याला मी खोटा म्हणत नाही. पण त्याला जमिनीतला म्हणून विकणं किंवा गुपचूप बसवणं, ही चोरी आहे.

आणि आमच्या कुडीत तो कुणीतरी बसवला होता. केव्हा? १९०२ च्या आधी बहुधा नाही. कुणी? पडलेल्या खड्याच्या जागी पणजोबांनीच समजून-उमजून घेतला असेल, एखाद्या अडचणीच्या वर्षी पणजीने मूळ खडा मोडला असेल, डागडुजीला दिलेल्या कुडीतून कुणी हातोहात काढून घेतला असेल. कदाचित राजाच्या माणसांकडून आला तेव्हाच असा आला असेल. रत्नपारखी खड्याचा जन्म वाचू शकतो. तो कुणाकुणाच्या हातांतून गेला ते खड्यावर लिहिलेलं नसतं. अहवालावर डाव्या खड्यासमोर 'नैसर्गिक माणिक, तापवल्याची चिन्हं नाहीत, मूळ म्यानमार' असं आलं. थिबाचं नाव कुठलीच प्रयोगशाळा लिहून देणार नाही, आणि द्यायलाही नको.

म्हणजे आजीला 'जास्त लाल' दिसायचा तो भट्टीतला. तिचे डोळे अगदी बरोबर होते.

घरी येताना गाडीत मी किमतीचा विचार करत होते, हे लपवत नाही. उजव्याची किंमत काही शे रुपये. डाव्याची लाखांत. माणकाची किंमत ठरवताना आधी रंग बघतात: शुद्ध लाल, फार गडद नको, गुलाबीकडे झुकलेला नको, तपकिरी झाक तर नकोच. मग आतली स्वच्छता, पण ती हिऱ्याच्या मापाने मोजत नाहीत. आत काही ना काही असणारच, ते डोळ्यांत खुपत नाही ना एवढंच पाहायचं. मग वजन, आणि इथे गणित सरळ चालत नाही. दोन कॅरेटचा एक खडा एकेक कॅरेटच्या दोन खड्यांपेक्षा कितीतरी महाग, कारण मोठे चांगले माणिक निसर्गात फारच कमी. त्यानंतर संस्कार केलाय का, आणि शेवटी खाण कुठली. बाजारातले बहुतेक माणिक तापवलेले असतात. ते सांगून विकलं तर त्यात वावगं काही नाही. न तापवलेल्याला मात्र अनेक पट भाव. खाणीच्या नावाला मी एवढं महत्त्व देणार नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ५५.२२ कॅरेटचा 'एस्त्रेला दि फुरा' लिलावात ३.४८ कोटी डॉलरला गेला, तो मोझांबिकमधल्या मोंतेपुएझचा होता. त्या खाणी २००९ साली सापडलेल्या. 'पिजन ब्लड' या शब्दाचंही तसंच. कबुतराच्या रक्ताचा रंग म्हणजे नेमका कुठला, याचं मोजमाप प्रत्येक प्रयोगशाळेचं आपलं आपलं आहे. शब्दाला पैसे मोजू नका, डोळ्यांसमोरच्या खड्याला मोजा, आणि तोही खिडकीच्या उजेडात. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली प्रत्येक लाल खडा राजा दिसतो.

यापेक्षा मोठी फसवणूक आमच्या घरात अलीकडेच झाली आहे, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. माझ्या नणंदेने एका प्रदर्शनातून पाच कॅरेटचा माणिक घेतला, पाच आकडी रक्कम देऊन, रविवारी सूर्याची अंगठी घालायची म्हणून. महिनाभर तो झळाळत होता. मग गौरीच्या आधी लिंबाचं लोणचं घालताना अंगठी हातातच राहिली. दोन-चार दिवसांत खड्यावर पांढरट जाळं उमटलं, जणू आत कोळी शिरलाय. तिला वाटलं, ग्रह कोपला. मी भिंगातून पाहिलं तर भेगांच्या कडेने निळसर चमक आणि चपटे बुडबुडे. भेगाळलेल्या, जवळजवळ अपारदर्शक कुरुंदात शिशाची काच वितळवून भरतात. काच आणि माणिक उजेड साधारण सारखाच वळवतात, त्यामुळे भेगा नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. पण ती काच लिंबाने, चिंचेने, साफसफाईच्या ॲसिडने खाल्ली जाते आणि सोनाराच्या ज्योतीने फुटते. असे खडे साधारण २००४ पासून बाजारात आलेत. पावतीवर 'रुबी' एवढंच होतं. विकणारा प्रदर्शन गुंडाळून गेला होता.

कुरुंद हा शब्द मी मुद्दाम वापरला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचा कुरुंदाचा दगड आणि माणिक हे एकच खनिज. संस्कृतात माणकाच्या एका जातीचंच नाव कुरुविंद. धार लावणाऱ्याच्या चाकावर ठिणग्या उडतात त्या याच काठिण्याच्या. म्हणून माणिक ओरखड्यांना भीत नाही. भितो तो मुख्यतः हिऱ्याला, आणि आमच्या घरात कुड्या पन्नास वर्षं हिऱ्याच्या अंगठीशेजारी एकाच डबीत होत्या. भिंगातून डाव्या खड्याच्या पैलूंच्या कडा पाहिल्या तेव्हा त्या बोथट, चावल्यासारख्या दिसल्या. कठीण म्हणजे न फुटणारा असंही नाही. फरशीवर पडला तर माणकाचा टवका उडतो.

कुड्यांत खरी काळजी माणकाची कमी आणि मोत्यांची जास्त घ्यावी लागते. मोती घामाने, अत्तराने, हेअर स्प्रेने मरतो. टूथपेस्टने दागिने घासणाऱ्यांना मी हात जोडते. मी अत्तर, पावडर, सगळं झाल्यावर कुड्या घालते, काढल्यावर ओलसर सुती फडक्याने पुसते, वाळू देते आणि वेगळ्या मऊ पिशवीत ठेवते. सोनाराकडच्या थरथरणाऱ्या पाण्याच्या यंत्रात मोती घालू नयेत आणि काच भरलेला माणिक तर मुळीच नाही. वर्षातून एकदा फिरकी आणि कोंदणाची कड तपासून घेते. खडे हरवतात ते चोरीने कमी, सैल कडेमुळे जास्त.

ताईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मी म्हटलं, डावा तू घे, तू मोठी. ती म्हणाली, "मला उजवा हवाय. आजी सगळ्यांना तोच दाखवायची." अशा रीतीने दोघींनाही पाहिजे ते मिळत होतं, आणि तरी काकांसमोर पुड्या ठेवल्यावर दोघींच्या तोंडून अंगठी हा शब्द निघेना. शेवटी कुड्याच पुन्हा बांधायच्या ठरल्या, होत्या तशाच, डावा डावीत आणि उजवा उजवीत. काकांनी विचारलं, नवी बेगड घालू का? मी नको म्हटलं आणि दोन्ही कोंदणांना मागून एकेक बारीक गोल खिडकी ठेवायला सांगितली. आमच्यानंतर ज्या कुणाच्या हातात या जातील, तिला कड न उघडता आत बघता यावं.

कुड्या आता रत्नागिरीला ताईकडे असतात. अहवालाची एक प्रत डबीत आहे, एक माझ्याकडे. त्यात मी शाईने लिहून ठेवलंय, कुठल्या कुडीत कुठला खडा, उजवा बदललेला असल्याचं कधी कळलं, आणि थिबाची गोष्ट घरात कोण सांगत असे. ती गोष्ट खरी की खोटी, हे लिहिलेलं नाही. 'सांगत असत' एवढं लिहिलंय. मोगोक अलीकडे पुन्हा लढाईत सापडलं होतं. २०२४ च्या जुलैमध्ये ते शहर म्यानमारच्या लष्कराच्या हातून एका सशस्त्र गटाकडे गेलं. तिथल्या एका जुन्या रिवाजाबद्दल वाचलेलं माझ्या मनातून जात नाही. खाणमालकाची माणसं रत्नांचं रेताड, ज्याला तिथे 'ब्यॉन' म्हणतात, ते धुऊन झाल्यावर उरलेल्या खडीत बायका बसतात. त्यांना 'कनासे' म्हणतात. त्यात जे सापडेल ते त्यांचं. पाण्यात वाकून दिवसभर खडे निवडायचे. आमचा डावा खडा पहिल्यांदा कुणाच्या बोटांत आला असेल, हा प्रश्न मला थिबापेक्षा जास्त छळतो.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. गेल्या भाद्रपदात ताई आणि तिची आठ वर्षांची नात पऱ्ह्यावर गेल्या, वाकून सात खडे उचलले आणि तोंडातून शब्द न काढता घरी आणले. उंबऱ्यावर पाय धुतले, खडे हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत आले. तबकात मांडल्यावर ताईने दोन्ही कुड्या त्यांच्यासमोर ठेवल्या, आजी ठेवायची तशा. मी आरतीची तयारी करत होते. पोरीने माझ्या पर्समधून भिंग काढून घेतलं होतं आणि तबकावर पालथी पडून एक डोळा मिटून बघत होती. मला वाटलं, कुड्या बघतेय.

"आजी," ती मला म्हणाली, कारण मलाही ती आजीच म्हणते, "ह्या गौरीत पण रेषा आहेत. सरळ आहेत."